झोळी उचलणारे कोण होते?

पावसाळा लागला की उत्तर कन्नड जिल्ह्यातून एका ठरावीक प्रकारचे छायाचित्र येते. जोयडा तालुक्यातली एखादी जंगलातली वाडी, बांबूला बांधलेली घोंगडी किंवा जुनी साडी, त्या झोळीत एखादी म्हातारी किंवा कळा सुरू झालेली बाई, आणि पुढे-मागे चिखल तुडवत चाललेली माणसे. डांबरी रस्ता अजून लांब आहे. रुग्णवाहिका तिथेच उभी राहणार, कारण त्यापुढे तिला येता येत नाही. आपण हे छायाचित्र पाहतो, चुकचुकतो आणि म्हणतो, काय हा समाज! माणुसकी म्हणून उरली नाही.

माझे भांडण या वाक्याशी आहे. छायाचित्रातली माणसे मोजा. बांबूला खांदा देणारे, त्यांचा खांदा भरून आला की बदली घेणारे, वर छत्री धरणारी एखादी, पुढे जाऊन ओढ्याला पाणी किती आहे ते पाहणारा एखादा. दिवसाची मजुरी बुडवून ही माणसे निघाली आहेत. यांच्यातल्या कोणाची माणुसकी आटली आहे? छायाचित्रात नाही तो रस्ता. नाही तो ओढ्यावरचा पूल. माणुसकीचा ढळढळीत पुरावा डोळ्यांसमोर असताना आपण तिच्याच मृत्यूचा दाखला लिहून मोकळे होतो, हे कसे?

प्रतिपक्षाला न्याय द्यायला हवा. त्याची बाजू दुबळी करून मांडली तर खंडनात पुरुषार्थ नाही. समाजाची संवेदना बोथट झाली असे म्हणणारे लोक अडाणी नाहीत, ढोंगीही नाहीत. दिवाळी अंकांत लिहिणारे, व्याख्यानमालांत बोलणारे, शाळा चालवणारे, पुष्कळसे सज्जन. त्यांचे म्हणणे असे. पूर्वी माणूस माणसाला धरून होता. एका घरी मयत झाली तर शेजारच्या घरी चूल पेटत नसे. मग शहरे फुगली, कुटुंबे आक्रसली, पैसा देव झाला आणि हातात मोबाईल आला. आता अपघात झाला तर लोक जखमीला पाणी पाजत नाहीत, त्याची चित्रफीत काढतात. शेजारी वारला तर वास सुटल्यावर कळते. मानसशास्त्रज्ञांच्या पाहण्याही हेच सांगतात. तेव्हा रोग मनाचा आहे आणि औषधही मनावरच हवे: संस्कार, वाचन, मूल्यशिक्षण.

मांडणी सुसंगत आहे. तिच्यातले काही तपशील खरेही आहेत. चित्रफिती निघतात, शेजारी कुजतात. पण तपशील खरे असले म्हणून त्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही.

आधी तो ‘पूर्वी’ घेऊ. हा ‘पूर्वी’ नेमका कोणत्या साली होता? जोयड्यालाच विचारू. या तालुक्यात आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणून गोव्यात विकलेल्या गुलामांचे हे वंशज. जे पळाले, जे सुटले, त्यांतले कित्येक घाट चढून या रानात शिरले. ज्या काळात माणूस माणसाला धरून होता असे सांगतात, त्याच काळात घाटाखाली माणूस माणसाला साखळीने धरून होता. बरे, गोवे परक्यांचे म्हणून सोडून देऊ. ज्या पुण्याच्या वाड्यांच्या आठवणींनी आपले डोळे पाणावतात, त्या पुण्यात 1868 साली जोतीराव फुल्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका गृहस्थाने तहानलेल्यांना पाणी घेऊ दिले, ही गोष्ट इतिहासात नोंदवावी लागली, इतका तो समाज कनवाळू होता! आणि त्याआधी पाच वर्षे, 1863 साली, त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते कोणत्या शेजारधर्मामुळे? विधवेच्या पोटात वाढणाऱ्या मुलाविषयी त्या आळीला किती कणव होती, याचे उत्तर त्या गृहाच्या नावातच आहे.

गावाची माया खोटी होती असे मी म्हणत नाही. सावड होती, इर्जीक होती. एकाचे छप्पर शाकारायला दहा हात येत. पण त्या मायेच्या पाठीशी धाक होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. सावडीला जो गेला नाही, त्याच्या शेतावर पुढच्या वर्षी कोणी येत नसे. आणि ज्याने गावकीचा शब्द मोडला, त्याच्या घरच्या मयतीलाही कोणी जात नसे. शेजारची चूल विझवणारे गाव आणि वाळीत टाकणारे गाव ही दोन वेगळी गावे नव्हती. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तो मोबाईलमुळे करावा लागला का?

शिवाय ही तक्रार नवी नाही. ॲडम स्मिथने 1759 साली नैतिक भावनांवरच्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली आहे. चीनचे साम्राज्य भूकंपात गडप झाल्याची वार्ता युरोपातल्या एखाद्या भल्या माणसाला कळली तर तो हळहळेल, जगाच्या नश्वरतेवर चार विचार बोलेल आणि रात्री शांत झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असे कळले तर त्याला झोप येणार नाही. त्या वेळी मोबाईल सोडा, तारायंत्रही नव्हते. दूरच्याचे दुःख पुसट दिसते ही माणसाची जुनी घडण आहे; आधुनिकतेच्या माथी ती मारता येत नाही. 2023 साली ‘नेचर’ या नियतकालिकात मास्ट्रोयानी आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी जगभरच्या पाहण्यांचा ढीग उपसून दाखवला. निदान 60 देशांतले लोक निदान 70 वर्षे सांगत आले आहेत की माणसे पूर्वीसारखी राहिली नाहीत. आणि त्याच काळात, तुमच्या आजूबाजूची माणसे आज कशी वागतात, असे विचारले तर दरवेळचे उत्तर जवळपास सारखेच. म्हणजे घसरण प्रत्येक पिढीला दिसते, पण मोजायला गेले की सापडत नाही. अशा घसरणीला काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

आता पाहण्यांचा मुद्दा. प्रतिपक्षाचा हा सर्वांत भक्कम आधार, म्हणून तो नीट तपासायला हवा. अमेरिकेतल्या सारा कॉनरॅथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 ते 2009 या काळातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 72 गटांची आकडेवारी एकत्र केली. सुमारे 14 हजार मुले. परदुःखाने कळवळण्याची वृत्ती घटली, विशेषतः 2000 नंतर, असा निष्कर्ष 2011 साली छापून आला. जगभर गाजला, आपल्याकडच्या अग्रलेखांतही पोहोचला. पुढे काय झाले? त्याच कॉनरॅथबाईंनी 2018 पर्यंतची आकडेवारी घेऊन पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा 2008 नंतर ही वृत्ती पुन्हा वाढत गेल्याचे दिसले. ज्या दहा वर्षांत मोबाईल प्रत्येक तरुण हातात गेला, नेमक्या त्याच दहा वर्षांत. पहिला निष्कर्ष सगळ्यांना पाठ आहे. दुसरा कोणत्या व्याख्यानमालेत ऐकलात?

न्यूयॉर्कच्या किटी जेनोवीसची कथाही अशीच. 1964 च्या मार्च महिन्यात या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला, 38 शेजारी खिडकीतून पाहत राहिले आणि कोणी बोट हलवले नाही, अशी ती कथा. शहरी निष्ठुरतेचा दाखला म्हणून ती पाठ्यपुस्तकांत गेली. बातमी छापणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेच 2016 साली कबूल केले की ते वर्णन सदोष होते, सगळा प्रकार पाहणारे 38 जण नव्हतेच, आणि तो आरडाओरडा मदतीसाठी आहे हे ओळखले तेही थोड्यांनीच. एक शेजारीण तर मारेकरी जवळपास असेल याची पर्वा न करता धावत खाली गेली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला कवटाळून बसली. त्या बाईला कथेत जागा मिळाली नाही, कारण ती आली असती तर कथाच उरली नसती.

या खुनामुळे डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग सुरू केले. 1968 चा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पलीकडच्या खोलीत कोणाला तरी फेफरे आले आहे असे ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते की आपण एकटेच आहोत, तेव्हा 85 टक्के लोक मदतीला उठतात. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटते, तेव्हा 31 टक्केच. इतके सगळे सांगतात. पण जे उठले नाहीत त्यांची स्थिती काय होती? संशोधकांनी ती नोंदवून ठेवली आहे. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आत आलेल्या माणसाला ते पहिला प्रश्न विचारत होते तो हाच, की तो बरा आहे ना? ही काय निर्विकार माणसे होती? कळवळा पुरेपूर होता. ‘हे काम माझे’ असे मात्र कोणालाच वाटले नव्हते, कारण ते सगळ्यांचे होते. या एका नोंदीपाशी मी पुन्हा येणार आहे, कारण जोयड्याचे दुखणे मला याच जातीचे वाटते.

आणि खऱ्या रस्त्यावर? ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतल्या 219 भांडणांचे कॅमेऱ्यातले चित्रण संशोधकांनी तपासले. 2019 साली ते प्रसिद्ध झाले. दर दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एक अनोळखी माणूस मध्ये पडला होता. पाहणारे जितके जास्त, तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त.

परदेशाचे पुरे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा ज्या मुंबईला आपण घड्याळाच्या काट्यावर धावणारी निष्ठुर नगरी म्हणतो, तिथे अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतले. आणखी जवळ येऊ. डिग्गी गावाजवळ उगम पावून जोयड्याच्या रानातून वाहणारी काळी नदी कारवारला समुद्राला मिळते. तिथला सदाशिवगडाकडचा, सुमारे 40 वर्षांचा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्रीनंतर कोसळला. एक ट्रक खाली गेला. चालक तमिळनाडूचा, ना भाषेचा, ना जातीचा, ना गावचा. पोलिसांबरोबर स्थानिक मच्छीमार होड्या घेऊन अंधारात गेले आणि त्यांनी त्याला बाहेर काढले. पूल पडू दिला तो ज्यांच्यावर देखभालीची जबाबदारी होती अशांनी. माणूस वाचवला तो ज्यांची काहीच जबाबदारी नव्हती अशांनी. या घटनेचे शीर्षक ‘समाजाची संवेदना हरपली’ असे कोणत्या तर्काने द्यायचे?

अपघाताच्या जागी बघे उभे राहतात, हे तर खरे ना? खरे. पण का, हे कोणी विचारले का? सेव्हलाइफ फाउंडेशनने 2013 साली विचारले. 74 टक्के लोक म्हणाले, आम्ही मदत करण्याची शक्यता कमी. त्यांतल्या 88 टक्के लोकांनी कारण दिले ते पोलिसांचा ससेमिरा आणि कोर्टाच्या खेपा यांचे. म्हणजे त्यांचे मन सांगत होते उचल, आणि अनुभव सांगत होता अडकशील. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 ला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. रोग मनाचा असता तर त्यावर कलमाचा काय उपयोग होता?

इथपर्यंत मी इतकेच दाखवले की कणव शाबूत आहे. मग जोयड्यातली झोळी अजून चालते आहे ती कशामुळे? आता खरा मुद्दा.

या तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे गाव होते, तेच तालुक्याचे ठाणे. गणेशगुडीला 101 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, 1987 साली पुरे झाले, आणि सुपा पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला आल्या, माणसे रामनगरला आणि जिथे जागा मिळाली तिथे. त्याच 1987 साली अणशीचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. 2007 मध्ये दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 मध्ये त्याला काळीचे नाव मिळाले. पाण्याने एक वाटा घेतला, वाघाने दुसरा. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या, जिल्ह्यात सर्वांत विरळ असलेल्या या तालुक्यात मधल्या पट्टीवर जी माणसे उरली ती कुणबी, सिद्दी, गवळी धनगर. काळीच्या पाण्यावर नागझरीला वीज तयार होऊ लागली. ती बंगळूरपर्यंत गेली आणि जोयड्याच्या कित्येक वाड्यांवर मात्र दशकानुदशके गेली नाही.

ही वीज वापरणारा बंगळूरचा माणूस निष्ठुर आहे का? गणेशगुडीला सुपा धरणातून सोडलेल्या पाण्यावर रबरी होड्या चालतात. पुण्या-मुंबईची, बेळगाव-गोव्याची तरुण मुले त्यात बसून मनसोक्त ओरडतात. भिंतीच्या पलीकडे एक बुडालेले गाव आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सांगितले तर त्यांतली पुष्कळ गप्प होतील. त्यांच्या हृदयात दोष शोधणे म्हणजे ज्याला चिठ्ठी पोहोचलीच नाही त्याला उत्तर दिले नाही म्हणून झोडपणे. (आणि मराठी सीमाप्रश्नाच्या आपल्या मागण्यांत कारवार-हल्याळबरोबर सुप्याचे नाव किती वर्षे घोषणेत आहे! घोषणा देणाऱ्या किती जणांना ते गाव आज कुठे आहे हे ठाऊक आहे, हा प्रश्न मी चिमटा म्हणूनच विचारतो.)

आता कागदाकडे या. माझ्या मते मूळ इथे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांचे दोन वर्ग केले. अनुसूचित जमातीच्या माणसाने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवले की पुरे. जो त्या यादीत नाही, त्याने त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, जंगलात राहून जंगलावर जगत असल्याचे सिद्ध करायचे. वजाबाकी करा: 13 डिसेंबर 1930. त्या दिवशी हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. आज तो कर्नाटकात आहे. मधे तालुक्याचे ठाणेसुद्धा पाण्याखाली गेले. अशा जागच्या कुणब्याने 1930 सालचा पुरावा आणायचा. कणगी, कोन, करांदे, सुरण लावून जगणारी ही माणसे. त्यांचे वास्तव्य त्यांच्या परसात उगवते, दप्तरात उगवत नाही. जुन्याजाणत्यांची जबानी हाही पुरावा आहे असे कायद्याचे नियमच सांगतात, अमुकच कागद हवा असा हट्ट धरू नये असेही सांगतात. तरी या जिल्ह्यातले दावे मोठ्या संख्येने फेटाळले गेले, आणि त्याचे मुख्य कारण तोच 75 वर्षांचा पुरावा.

मग जोयड्याचा कुणबी अनुसूचित जमातीत का नाही? याचे उत्तर ऐकून वाचकाने न्यायाधीशाच्या खुर्चीत थोडे सरसावून बसावे. 2003 सालच्या दहाव्या कायद्याने संसदेने जमातींच्या यादीत दुरुस्ती केली. त्या एकाच कायद्याने कर्नाटकाच्या यादीत उत्तर कन्नडमधले सिद्दी घातले आणि गोव्याच्या यादीत कुणबी, गावडा, वेळीप घातले. जोयड्यातला कुणबी त्या कायद्यात कुठेच बसला नाही. अनमोडचा घाट उतरला की तोच कुणबी, तीच कोंकणी, तेच कंद. घाटाखाली तो जमातीचा. घाटावर तो ‘इतर’. घाटाखाली पुरावा 2005 चा, घाटावर 1930 चा. हे कोणाच्या कोरड्या अंतःकरणातून निघाले? कोणाच्याच नाही. राज्यनिहाय याद्यांच्या रचनेतून निघाले. ती रचना करणाऱ्यांपैकी एकालाही त्या वाडीवर नेऊन बसवा, त्याचे डोळे ओले होतील. खाली येऊन तो पुन्हा तीच यादी वापरील, कारण यादी बदलणे त्याच्या टेबलाचे काम नसते.

डार्ली-लातानेच्या खोलीतला माणूस आता ओळखू येतो का? वनखाते म्हणते रस्ता अभयारण्यातून जातो, आम्हाला परवानगी देता येत नाही. पंचायत म्हणते निधी आहे, पण वनखात्याची परवानगी नाही. महसूल खाते म्हणते जमीन वनाची. समाजकल्याण म्हणते ही माणसे यादीत नाहीत. स्वेच्छेने गाव सोडले तर व्याघ्र प्रकल्पाच्या योजनेत कुटुंबामागे 10 लाख मिळत, 2021 पासून 15 लाख. म्हणजे उठून जाण्यासाठी तरतूद ठरलेली आहे, राहून जगण्यासाठी मात्र चार खात्यांची एकमेकांकडे बोटे. प्रत्येक टेबलामागे माणूस आहे. प्रत्येकाला ऐकू येते आहे. कित्येकांच्या तळव्यांना घामही सुटत असेल. उठत कोणी नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, हीच ती उदासीनता! हेच तर आम्ही म्हणतो! नाही, महाराज. तुम्ही म्हणता ती उदासीनता मनाची आहे, म्हणून तिच्यावर तुम्ही प्रवचन लिहून देता. मी म्हणतो ती नेमणुकीची आहे. या दोन निदानांतून दोन वेगळे उपचार निघतात. आपल्या शाळांत मूल्यशिक्षण आले ते 1990 च्या दशकाच्या अखेरीस; शिकवायच्या मूल्यांच्या यादीत संवेदनशीलता होती. ज्या पिढीने ती परिपाठात घोकली, तिलाच आज तुम्ही संवेदनाहीन म्हणता. एकतर तुमचे औषध निकामी आहे, नाहीतर तुमचे निदान चुकले आहे. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

दुसऱ्या बाजूने येणाऱ्या मित्रांनाही इथेच थांबवतो. ‘शहरी माणूस कोरडा, पण रानातला माणूस बघा किती निर्मळ’ असे म्हणणारे माझ्या मदतीला धावतील. ती मदत मला नको. जोयड्यातली माणसे झोळी उचलतात ती देवमाणसे आहेत म्हणून नव्हे. उद्या आपली आई त्या झोळीत असेल हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि उचलायला दुसरे कोणी येणार नाही हेही. तिथे भांडणे आहेत, दारू आहे, भाऊबंदकी आहे. त्यांना निर्मळ ठरवणे हा त्यांना रस्त्याविना ठेवण्याचा आणखी एक गोड मार्ग आहे. वर्षातून एकदा जोयड्यात कंदांचा मेळा भरतो. बाहेरची माणसे येतात, सुरणाएवढ्याच कौतुकाने माणसांची छायाचित्रे घेतात आणि ‘यांच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे’ असे म्हणून परततात. काय शिकले? गाडीत बसल्यावर तरी सांगावे.

पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञाने 2016 साली सहानुभूतीविरुद्ध एक आख्खे पुस्तक लिहिले. त्याचा सारांश मला पूर्ण पटत नाही, पण एक निरीक्षण नाकारता येत नाही: परदुःखाने कळवळणे हा विजेरीचा झोत आहे, तो जिथे पडतो तेवढेच उजळते. 16 जुलै 2024 ला अंकोला तालुक्यात शिरूरला दरड कोसळली. केरळच्या एका लॉरीचालकाचा शोध सप्टेंबरअखेरपर्यंत चालला आणि दोन राज्ये त्याच्यासाठी जागी राहिली. ते योग्यच झाले. पण त्याच पावसात त्याच जिल्ह्याच्या घाटावर ज्या वाड्या तुटून पडल्या, त्यांच्यावर कोणता झोत होता? कळवळा कमी असता तर शिरूरला कोणी पाहिले नसते. कळवळा भरपूर होता आणि तरी तो एकाच ठिकाणी पडला. म्हणून जास्त कळवळा मागणाऱ्यांना माझे सांगणे आहे: तो कितीही मागा, त्याला स्वतःहून कुणब्याच्या वाडीचा पत्ता सापडणार नाही.

‘समाज असंवेदनशील झाला’ या वाक्याने नुकसान काय होते, असे कोणी विचारील. बोलतात बिचारे, बोलू द्या. नुकसान मोठे आहे. आरोपी ‘समाज’ असला की कोणाला नोटीस काढता येत नाही. समाजाला पत्ता नाही, सही नाही, बदली नाही, निवृत्ती नाही. पूल का झाला नाही या प्रश्नाला कार्यकारी अभियंता उत्तर देऊ शकतो. माणुसकी का आटली या प्रश्नाला कोणीच नाही, आणि म्हणून तो प्रश्न सगळ्यांना आवडतो. मंत्रीही तो व्यासपीठावरून विचारतात. ज्याच्या खात्याकडे फाईल आहे तोच जेव्हा समाजाच्या संवेदनशून्यतेवर खेद व्यक्त करतो आणि आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा आरोपीच फिर्यादी झालेला असतो.

शेवटचा आक्षेप उरतो आणि तो सर्वांत सभ्य आहे: कायदा बदलायलाही आधी कोणाच्या तरी मनात कणव उपजावी लागतेच ना? लागते. पण पुरत नाही. गोव्यात या समाजांनी एकत्र येऊन आपला महासंघ बांधला, गाकुवेध; गावडा, कुणबी, वेळीप आणि धनगर यांच्या आद्याक्षरांचे नाव. निवेदने, मोर्चे, पाठपुरावा, दिल्लीच्या खेपा. 2003 च्या कायद्यात त्या चौघांपैकी तिघे आत आले; धनगर बाहेर राहिले. घाटावर जोयडा, हल्याळ, यल्लापूरच्या रानात मराठी बोलणारे गवळी धनगरही बाहेरच आहेत. महासंघ एक, मागणी एक, संसद एक, दिवस एक. पहिल्या तिघांची नावे वाचताना सभागृहाला जो पाझर फुटला होता, तो चौथ्या नावापाशी अचानक आटला, असे प्रतिपक्षाला खरोखर म्हणायचे आहे काय?